दारुड्याचं वळण

१

आदल्या संध्याकाळी होते ते हात सकाळी फोटोत नव्हते.

प्रकाशराव तेरदाळकरांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला, परत घातला आणि लॅपटॉप जवळ ओढला. चेहरा तोच होता. कपाळावर आलेली केसांची बट तीच. सांगली स्टेशनवर शेवटचा पाहिलेला त्यांचा थोरला भाऊ श्यामकांत वाळूच्या टेकडीपुढे उभा राहून हसत होता. पण काल तो गुडघ्यापर्यंत दिसत होता. आज फोटो दोन्ही बाजूंनी खांद्याशी आणि खालून छातीशी कापलेला होता.

"कुशल, अरे, काल दादाच्या हातात झेंडा होता. पिवळा. आणि दंडाला पट्टी बांधलेली होती."

कुशलने हेडफोन एका कानावरून सरकवला. त्याची मीटिंग चालू होती. डीमन या डच गावातल्या त्या दोन खोल्यांच्या घरात मार्चपासून सगळ्यांचं ऑफिस, शाळा आणि भांडणं एकाच टेबलावर चालत. "बाबा, फोटो आपोआप बदलत नाहीत."

"तेच म्हणतोय मी. कुणीतरी बदलला."

मुलाने बापाकडे पाहिलं ते काळजीने. ती काळजी प्रकाशरावांना थपडेसारखी लागली. ते फेब्रुवारीत नातीला बघायला आले होते, आणि परतीचं विमान साथीने बंद पाडल्यामुळे अडकले होते. करायला काही नाही म्हणून एके दिवशी त्यांनी संगणकावर त्या गावाचं नाव टाइप केलं, जे त्यांच्या घरात पन्नास वर्षांत कुणी उच्चारलं नव्हतं. डाउनबेर्ख. समुद्राकाठचं लहानसं गाव, टेकड्यांमधून वळणं घेत जाणारा मोटर शर्यतीचा ट्रॅक. ऑगस्ट १९७०च्या राष्ट्रीय शर्यतीला यंदा पन्नास वर्षं होत होती. सोहळा साथीमुळे रद्द झाला होता, म्हणून तिथल्या क्लबने जुने फोटो वेबसाइटवर मांडले होते. उघड्या चाकांच्या, एका माणसाच्या, सिगारसारख्या निमुळत्या गाड्या. उन्हाच्या टोप्या घातलेल्या बायका. आणि त्या गर्दीत, ध्यानीमनी नसताना, दादा.

श्यामकांत वाखनिंगनच्या शेतकी विद्यापीठात मातीचा अभ्यास करायला आला होता. सुट्टीच्या दिवशी सायकल आणि आगगाडी करत शर्यती बघायला जायचा. घरी जे कळवलं गेलं ते असं होतं: दारूच्या नशेत त्याने कुंपण ओलांडलं, ट्रॅकवर गेला, एका गाडीचं निखळलेलं चाक छातीवर बसलं आणि तो जागीच गेला. अप्पांनी, म्हणजे विष्णुपंत तेरदाळकरांनी, मुलाचा तेरावाही केला नाही. आईने त्याचा फोटो भिंतीवरून उतरवला. गावात कुणी विचारलंच तर "आजारी पडून गेला" असं सांगायचं, ही सूचना प्रकाशरावांना वयाच्या चोविसाव्या वर्षी मिळाली. ती त्यांनी जन्मभर पाळली.

"दारुड्याच्या हातात कोण झेंडा देतो?" ते आता म्हणाले, कुणालाच उद्देशून नव्हे.

कुशलने मीटिंग संपवली आणि खालच्या मजल्यावरच्या यामिनी गजभियेला फोन लावला.

२

यामिनी मूळची नागपूरची. हूफडॉर्पच्या एका विमा कंपनीत ती खोटे दावे पकडायचं काम करायची. जळालेलं गोदाम खरंच जळालं की जाळलं, हे माणसांशी बोलून काढायचं. चौदा वर्षांत तिचं डच इतकं पक्कं झालं होतं की फोनवर लोक तिला यामिना म्हणत आणि तिथल्याच कुठल्यातरी प्रांतातली समजत. माणसं खोटं बोलतात याचं तिला काही वाटत नसे. खोटं बोलताना ती गोड होतात, त्याची मात्र तिला शिसारी येई.

तिने कापलेला फोटो बराच वेळ पाहिला. हसरा तरुण, पांढरा शर्ट, उजव्या खांद्याखाली खिसा, खिशाला अडकवलेलं पेन. मागे वाळू आणि गवत.

"काका, काल तुम्ही काय पाहिलं ते मला सांगा. जे आठवतं तेवढंच. भर नको."

"हातात पिवळा झेंडा, गुंडाळलेला. दंडाला पिवळी पट्टी, मधे काळी रेघ. बाकी काही नाही."

"हे अजून कुणाला सांगितलंत?"

"कुशलला. आणि आता तुला."

त्यांनी क्लबला ईमेल केली. भावाचा एक फोटो आहे, मूळ बघायचा आहे, एवढंच. झेंडा नाही, पट्टी नाही. क्लबच्या छोट्या संग्रहालयाची वेळ ठरवून मिळाली. गाडीत मास्क लावून, एकमेकांपासून अंतर ठेवून दोघं निघाली. डब्यात प्रकाशराव म्हणाले, "मला इंग्रजी येतं गं. पण दादाबद्दल मी इंग्रजीत बोलणार नाही. मी मराठीत बोलतो, तू त्यांच्या भाषेत सांग."

"शब्द न् शब्द सांगेन," यामिनी म्हणाली.

डाउनबेर्खला उतरल्याबरोबर तळलेल्या बटाट्यांच्या तेलाचा वास अंगावर आला. संग्रहालय म्हणजे शर्यतीची वेळ नोंदणाऱ्यांची जुनी खोली. दारात क्लबची अध्यक्ष हेर्मीन उभी होती. साठीची, उंच, केस घट्ट बांधलेले. तिने आधी दोघांना हातावर सॅनिटायझर ओतायला लावलं.

"दुःखद प्रसंग होता," मग ती म्हणाली. "पण जुना आहे. आम्ही गावपालिकेकडे ट्रॅक वाढवायची परवानगी मागितली आहे. या वेळी जुन्या गोष्टींचा कुणी भलता अर्थ काढू नये एवढंच."

यामिनीने शब्द न् शब्द सांगितलं.

आत आनेके नावाची एक बारीक चणीची म्हातारी होती. स्लाइड्स, म्हणजे चौकटीत बसवलेले फिल्मचे पारदर्शक तुकडे, तीच सांभाळायची. एका प्रेक्षकाच्या घरच्यांनी दिलेल्या त्या स्लाइड्स तिने टाळेबंदीत घरी नेऊन स्कॅन केल्या होत्या. तिने पोलादी कपाट उघडलं, गोल ट्रे काढला, बोट फिरवत नेलं आणि थांबली.

खाच रिकामी होती.

"इथेच होती," आनेके म्हणाली. तिचा आवाज इतका लहान झाला की यामिनीला पुढे वाकावं लागलं. "मी स्वतः परत ठेवली होती."

"किल्ली कुणाकडे असते?"

"माझ्याकडे. हेर्मीनकडे. आणि योपकडे."

तेवढ्यात दारातून मोठा प्रसन्न आवाज आला. "माझं नाव कोण घेतंय?" अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, गुलाबी गालांचा, धट्टाकट्टा म्हातारा आत आला. हातात सफरचंदाचा केक. "भारतातून पाहुणे येणार कळलं, बायकोला म्हटलं, भाजून दे." त्याने केक टेबलावर ठेवला आणि दीड मीटरचा नियम विसरून प्रकाशरावांच्या खांद्यावर हात ठेवला. डोळे पाण्याने भरले होते. "तुमचा भाऊ. हाच चेहरा. अरेरे."

सबंध दिवसात पहिल्यांदा कुणी माणसासारखं बोललं होतं. प्रकाशरावांनी तो हात दूर केला नाही.

त्यांच्या मागे भिंतीवर ट्रॅकचा रंगीत नकाशा होता, गाइडबरोबर फिरणाऱ्यांसाठी काढलेला. प्रत्येक वळणाला नाव. यामिनीची नजर समुद्राकडच्या शेवटच्या वळणावर गेली. नावाशेजारी कुणीतरी बीअरच्या ग्लासचं चित्र काढलं होतं. तिने ते नाव वाचलं, परत वाचलं.

"काय लिहिलंय?" प्रकाशरावांनी विचारलं.

शब्द न् शब्द, असं ती म्हणाली होती.

"दारुड्याचं वळण," तिने सांगितलं.

३

"लोकांनी पाडलेलं नाव आहे हो," योप चालता चालता म्हणाला. "वाईट हेतू नव्हता."

तो त्यांना वळणाकडे घेऊन निघाला होता. संग्रहालयाचा तो जुना गाइड. एके काळी ट्रॅकवरच्या झेंडेवाल्यांचा प्रमुख होता. ट्रॅकवर पुढे अपघात झाला की जे स्वयंसेवक पिवळा झेंडा हलवून चालकांना सावध करतात, त्यांना नेमायचं, उभं करायचं, सांभाळायचं, हे त्याचं काम. बोलायला असा की माणसाने ऐकत राहावं. कोणत्या साली कोण कसा घसरला, कुणाच्या गाडीने कुठे पेट घेतला, सगळं त्याच्या जिभेवर होतं.

"त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?" यामिनीने विचारलं.

"मी? सुरुवातीच्या रेषेपाशी. इथे आलो तेव्हा सगळं संपलं होतं. बिचारा. तरुण पोरगा, परका देश, थोडी जास्त झाली असेल. आपण सगळ्यांनीच तरुणपणी घेतली आहे." त्याने प्रकाशरावांकडे पाहून समजूतदारपणे मान हलवली.

यामिनीने सांगितलं. प्रकाशराव वाळूत थांबले.

"त्याला म्हणावं, माझ्या भावाने कधी दारूला हात लावला नाही. आणि त्याला म्हणावं, त्या फोटोत त्याच्या दंडाला तुमच्या लोकांची पट्टी होती. मी डोळ्यांनी पाहिली."

यामिनीने डचमध्ये सांगितलं. दंडाला पट्टी होती. तुमच्या लोकांची. डोळ्यांनी पाहिली.

योपने इतक्या हळुवारपणे उत्तर दिलं की भाषा न कळणाऱ्यालाही ते सांत्वन वाटावं. "दुःखात माणसाला हवं ते दिसतं. मी समजू शकतो. माझा भाऊ गेला तेव्हा मलाही तो बाजारात दिसायचा. पण असं बघा, आमच्या माणसांची पट्टी नेहमी डाव्या दंडाला असायची. नियमच होता, मी स्वतःच्या हाताने बांधायचो. उजव्या दंडाला काहीतरी पिवळं गुंडाळलेला माणूस आमचा कसा असेल? रुमाल असेल. हौशी लोक बांधतात."

यामिनीने हेही शब्द न् शब्द सांगितलं. सांगता सांगता एका शब्दावर ती अडखळली. पण चेहरा तसाच ठेवून तिने योपला एवढंच विचारलं, "तुम्ही तो फोटो पाहिला होता का? कापण्याआधी?"

"नाही हो. मला कुठलं ते इंटरनेट. आता तुमच्याकडूनच कळलं."

परतताना त्याने त्यांना खारीक-बदामासारखा जपून ठेवलेला एक किस्सा ऐकवला, मुलांच्या सहली आल्या की तो त्या वळणावर सांगायचा तो, कुंपण ओलांडणाऱ्या दारुड्याचा. त्याचा शेवट विनोदी होता. यामिनीने त्याचं भाषांतर केलं नाही. प्रकाशरावांनीही मागितलं नाही.

४

स्टेशनच्या वाटेवर मागून सायकलची घंटी वाजली. आनेके होती. उतरून तिने सायकल दोघांच्या आणि स्वतःच्या मधे आडवी धरली.

"फोटो मी कापला नाही," ती म्हणाली. "पण वेबसाइटवर तो बदल माझ्या नावाने झालाय. हेर्मीन मलाच विचारणार."

"तुमचा पासवर्ड कुणाकुणाला माहीत आहे?"

"टाळेबंदीत सगळी कामं फोनवर. हेर्मीनला दिला होता, तिला मजकूर तपासायचा होता. योपलाही दिला, फोटोंखालच्या ओळी त्याने लिहिल्या."

यामिनीला दुपारचे शब्द आठवले. मला कुठलं ते इंटरनेट.

"अजून काहीतरी सांगायला आलात तुम्ही," ती म्हणाली.

आनेके सायकलच्या हँडलकडे बघत राहिली. "मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. प्रथमोपचाराच्या तंबूत. यांच्या भावापाशी सगळ्यांत आधी स्ट्रेचर घेऊन मीच पोचले. म्हणजे, आमच्यातली. योप तिथे होताच."

"योप सुरुवातीच्या रेषेपाशी होता ना?"

"कोण म्हणालं?" आनेकेने वर पाहिलं. "तो त्याच्याजवळ गुडघे टेकून बसला होता. त्या मुलाच्या शर्टाला बीअरचा वास येत होता. नुसता वास नव्हे, शर्ट ओलाचिंब होता, थंड. मी त्याच्या तोंडाला तोंड लावून श्वास दिला. त्याच्या तोंडाला काही वास नव्हता. पेपरमिंटचा होता. मी तेव्हा सांगितलं. मला म्हणाले, पोरी, तू घाबरली आहेस, घरी जा."

"श्वास दिला म्हणजे?" यामिनीने विचारलं. "तो जिवंत होता?"

"थोडा वेळ."

प्रकाशरावांनी विचारलं, "काय म्हणतेय ती?"

यामिनीने सांगितलं. सगळं. वाऱ्यावर वाळू उडत होती आणि रस्त्यापलीकडे एक कुटुंब कागदी कोनातून बटाटे खात होतं. प्रकाशराव फूटपाथच्या कडेला बसले.

"तिला विचार," तिथूनच ते म्हणाले, "पन्नास वर्षं काय करत होती?"

यामिनीने विचारलं. आनेकेने सायकल वळवली. यामिनीला तिची कीव यायला हवी होती. आली नाही. घाणेरड्या पाण्यात पाय बुडवून उभं राहिल्यासारखं वाटलं, आणि त्या पाण्यात ही बाईसुद्धा होती.

"काका," गाडीत बसल्यावर तिने विचारलं, "पट्टी कुठल्या दंडाला होती?"

प्रकाशरावांनी डोळे मिटले, फोटोतल्या माणसासारखे उभे राहिले, आणि विचार करून एक हात उचलला. "उजव्या. पण हे मी तुला बोललो नव्हतो. त्याला तर नाहीच."

"नाही बोललात. म्हणूनच विचारतेय."

५

दोन दिवसांनी सगळे पुन्हा त्याच खोलीत बसले, खिडक्या उघड्या, खुर्च्या लांब लांब. हेर्मीनला यामिनीने फोनवर एकच वाक्य सांगितलं होतं: आम्ही आधी तुम्हाला सांगतो, मग वर्तमानपत्राला. योपने या वेळीही केक आणला होता.

"तीन माणसांकडे किल्ली होती आणि तीन माणसांकडे पासवर्ड होता," यामिनीने सुरुवात केली. "तीच तीन. आनेकेने फोटो कापला असता का? तो तिनेच स्कॅन केला, तिनेच चढवला. लपवायचा असता तर चढवलाच नसता, कुणाला पत्ताही लागला नसता. हेर्मीनला क्लबची अब्रू प्यारी आहे, पण ती १९७०मध्ये दहा-बारा वर्षांची होती. झेंडेवाल्यांची पट्टी कशी असायची हे तरी तिला ठाऊक होतं का?"

"नाही," हेर्मीन म्हणाली. "आम्ही आता जॅकेट वापरतो."

"म्हणजे फोटोत काय धोका आहे हे कळायला तो काळ पाहिलेला माणूस हवा. आता परवाची गोष्ट. काकांचा प्रत्येक शब्द माझ्या तोंडून तुम्हाला कळला. काका म्हणाले, दंडाला पट्टी होती. मी म्हटलं, दंडाला पट्टी होती. डावा नाही, उजवा नाही. मलाच माहीत नव्हतं. तेव्हा योप, तुम्ही मला सांगितलंत की ती उजव्या दंडाला होती."

योप हसला. "मी अंदाजाने म्हटलं असेन."

"अंदाजाने माणूस डावा म्हणतो. तुम्हीच तर सांगितलंत, सगळे डाव्याला बांधायचे. उजवा फक्त त्यालाच सुचेल ज्याने अख्खा फोटो पाहिला. वेबसाइटवर."

हेर्मीनने मान वळवून योपकडे पाहिलं.

"बरं, पाहिला," योप म्हणाला. आवाज अजून गोडच होता. "म्हातारा माणूस, विसरलो. एका मेलेल्या पोराची विटंबना नको म्हणून कापला. पण त्याने काय सिद्ध होतं? पट्टी उजव्याच दंडाला होती ना? मग तो आमचा नव्हता."

यामिनीने लॅपटॉप टेबलावर फिरवला. कापलेला फोटो. हसरा चेहरा.

"तुम्ही हात कापलेत, खिसा कापायचा विसरलात. बघा, खिसा उजव्या छातीवर आहे. सांगा, आयुष्यात कुठला पुरुषाचा शर्ट असा पाहिलात? बटणं बघा, बायकांच्या ब्लाऊजसारखी उलट्या बाजूने लावलीत."

आनेकेच्या तोंडून अस्फुट आवाज निघाला. "स्लाइड उलटी."

"सांगा त्यांना," यामिनी म्हणाली.

"स्लाइड दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. मशीनमध्ये उलटी गेली की चित्र आरशासारखं येतं. ज्या फोटोंत गाडीचे आकडे होते तिथे माझ्या लक्षात आलं, मी ते सुलटे केले. यात आकडा नव्हता."

"म्हणजे आरशात उजवा तो खरा डावा," यामिनी म्हणाली. "श्यामकांतच्या डाव्या दंडाला पट्टी होती. आणि डाव्या दंडाला ती कोण बांधायचं, हे योपनेच आपल्याला सांगितलंय. स्वतःच्या हाताने."

बाहेर समुद्रपक्षी भांडत होते. योपने केकचा तुकडा उचलला, खाली ठेवला.

"माणसं कमी होती," शेवटी तो म्हणाला. "दोघं आले नाहीत. हा पोरगा दर शर्यतीला यायचा, मागे लागायचा, मला काम द्या. दिलं. वाळूच्या पोत्यांमागे उभं राहायचं असतं, पण तिथून वळण दिसत नाही. मी त्याला पोत्यांच्या पुढे उभं केलं. शिकवलेला नव्हता, यादीत नव्हता. चाक आलं." त्याने हात झटकला, माशी उडवावी तसा. "क्लब बंद झाला असता. मी तुरुंगात गेलो असतो. माझी पोरं लहान होती. पट्टी कापून काढली. कुंपणापाशी कुणाची तरी बीअर ठेवलेली होती."

"तो जिवंत असताना?" आनेकेने विचारलं.

"मला वाटलं, संपला." तो थांबला. "डोळे उघडे होते."

"आणि स्लाइड?"

"जाळली." आता त्याच्या आवाजातला गोडवा सरला आणि त्या जागी चीड आली, जणू सगळ्यांनी मिळून त्यालाच काहीतरी केलं होतं. "त्याचं इथे कोणी नव्हतं. कोण विचारायला येणार होतं? एवढ्या लांबून?"

यामिनीने मास्क वर ओढला. मग ती प्रकाशरावांकडे वळली आणि ते वाक्यही सांगितलं, कारण ते ऐकायचा हक्क त्यांचा होता.

प्रकाशराव उठले नाहीत, ओरडले नाहीत. टेबलावरचा केक त्यांनी एका बोटाने, घाण बाजूला सारावी तसा, लांब सरकवला.

हेर्मीनने घसा साफ केला. कायद्याने आता काही होणार नाही, ती म्हणाली, फार वर्षं झाली. पण क्लब एक सुंदर दगडी पाटी लावेल. 'दुर्दैवी अपघातात' असे शब्द घालता येतील. वळणाचं नाव अर्थातच पुसू. मात्र तपशील खोलीबाहेर जाऊ नयेत. "योप अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. त्याने या क्लबला आयुष्य दिलंय."

"तिला सांग, मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे," प्रकाशराव म्हणाले. "आणि दादा सव्वीस वर्षांचा आहे. पाटी नको. येत्या रविवारी हा माणूस लोकांना घेऊन त्या वळणावर जाईल. रोज सांगतो तसं सांगेल. फक्त खरं सांगेल. मी तिथे उभा असेन. नाही सांगितलं तर ही मुलगी सोमवारी वर्तमानपत्राकडे जाईल."

"आणि सांगितलं तर?"

"तरीही जाईल," प्रकाशराव म्हणाले. "पण आधी त्याच्या तोंडून येऊ दे."

६

त्या रात्री त्यांनी सांगलीला बहिणीला व्हिडिओ कॉल लावला. सुरेखाताई ऐंशीला आलेल्या, मोबाइल कपाळाशी धरून बोलायच्या. सगळं ऐकून झाल्यावर पडद्यावर नुसतं त्यांचं कपाळ दिसत राहिलं.

"आई गेली तेव्हा तिच्या उशीखाली त्याचा फोटो होता," त्या म्हणाल्या. "मी कुणाला सांगितलं नाही. तुलाही नाही. अप्पांना कळलं असतं तर तिला बोलले असते."

"अगं, अप्पा तर तिच्या आधी गेले."

"हो रे. तरी घाबरले मी."

दोघं भावंडं समोरासमोर बसून राहिली, मधे अर्धं जग ठेवून.

रविवारी ऊन होतं. साथीमुळे गाइडबरोबर थोडेच लोक सोडत होते. कुणी जोडपं, कुणी मुलाबाळांसह, दोघं-तिघं क्लबच्या टोप्या घातलेले. योप पुढे चालला होता. हेर्मीन आली नव्हती. आनेके शेवटी, एकटी.

वळणावर योप थांबला. सवयीने त्याने हात पसरले, आणि टोपीवाल्यांपैकी एकजण आधीच हसायला लागला, कारण त्याला किस्सा पाठ होता. योपने प्रकाशरावांकडे पाहिलं. मग हात खाली घेतले.

त्याने सांगितलं. वाईट सांगितलं, अडखळत, जमिनीकडे बघत, दोनदा "त्या काळी असंच चालायचं" म्हणत. पण पोती, पट्टी, बीअर, उघडे डोळे, सगळं सांगितलं. यामिनी प्रकाशरावांच्या कानाशी मराठीत म्हणत गेली. एका आईने मुलीचे कान झाकले. हसणाऱ्याचं हसू तोंडावर तसंच राहून गेलं, ते काढायचं कसं हे त्याला कळेना.

योपचं सांगून झालं. गवतातून वारा गेला.

मग मागच्या रांगेतल्या एका माणसाने हात वर केला. पन्नाशीचा, सभ्य चेहऱ्याचा, हातात वितळणारं आइस्क्रीम. त्याने ते चाटून सावरलं आणि विचारलं, "पण मग त्या दिवशी शर्यत जिंकलं कोण?"

योपच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखा उजेड आला. त्याने तोंड उघडलं. बाकीच्यांनीही माना वळवल्या. त्यांनाही ते जाणून घ्यायचं होतं.

"काय विचारतोय तो?" प्रकाशरावांनी विचारलं.

यामिनीने त्या सगळ्या चेहऱ्यांकडे पाहिलं. गुलाबी, उन्हाने तापलेले, उत्तराची वाट बघणारे. मग ती म्हणाली, "तो विचारतोय, काका, त्यांचं नाव काय होतं."

प्रकाशराव ताठ झाले. त्यांनी मास्क हनुवटीखाली ओढला, घसा खाकरला, आणि सांगलीच्या शाळेत पोरं हजेरी देत तशा खणखणीत आवाजात, वारा कापत म्हणाले, "श्यामकांत विष्णू तेरदाळकर."

योपचं तोंड मिटलं. आइस्क्रीमवाला मान डोलावून तोंडातल्या तोंडात ते नाव म्हणायला लागला. त्याला वाटलं, हेच जिंकणाऱ्याचं नाव.

यामिनीने त्याची चूक सुधारली नाही.